पुण्णिकेची गाथा आणि अट्ठकथा

थेरीगाथेतील पुण्णिकेच्या सोळा गाथांत तिचा परिचय एकाच शब्दात येतो : उदहारी, पाणी वाहणारी. भर थंडीत ती पाण्यात उतरते, ती मालकिणींच्या दंडाच्या आणि दुरुत्तरांच्या भयाने. हे भय ती लपवीत नाही. त्याचे कारण तिला नेमके ठाऊक आहे. म्हणूनच कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला, तू कोणाला भितोस, असे ती विचारू शकते. पाण्याने पापक्षालन होत असेल तर बेडूक-कासवेही स्वर्गास जातील, हा तिचा युक्तिवाद सर्वश्रुत आहे. परंतु त्याचे बळ या आत्मपरिचयात आहे.

अट्ठकथाकार धम्मपाल मात्र तिला अनाथपिंडिकाच्या घरची दासीकन्या म्हणतात आणि पूर्वजन्मीच्या अहंकारामुळे हे दास्य आले असे सांगतात. मूळ गाथांत या अहंकाराचा मागमूस नाही. दास्याचा दोष दासीच्याच माथी मारणारे हे स्पष्टीकरण आपण का स्वीकारावे? आजच्या दैन्याचे खापर पूर्वजन्मावर फोडणारा कर्मसिद्धांत बुद्धाचा नव्हे, हे बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात मांडलेच आहे. गाथेतील पुण्णिका तर ब्राह्मणाने कृतज्ञतेने देऊ केलेले वस्त्रही घेत नाही. ते तुझ्यापाशीच राहू दे, म्हणते.