‘फाइंडिंग निमो’ : सर्व वयोगटांच्या आस्वादाचा विचार

प्रस्तावना :

अॅनिमेशनपट म्हणजे मुलांचा चित्रपट, ही समजूत प्रेक्षकांप्रमाणेच समीक्षेतही दीर्घकाळ रुजलेली आहे. असा एखादा चित्रपट मोठ्यांनाही आवडला, की त्याचे कारण बहुधा एकाच ठिकाणी शोधले जाते : मुलांसाठी रंग व धावपळ, तर मोठ्यांसाठी मुलांना न उमगणारे विनोद. २००१ सालच्या ‘श्रेक’मधील परीकथांचे विडंबन हे या द्विस्तरीय रचनेचे परिचित उदाहरण होय. तथापि या रचनेत दोन पिढ्या शेजारी बसून दोन वेगळे चित्रपट पाहण्याचा संभव असतो. एकच प्रसंग दोघांनाही भिडू शकतो काय, या प्रश्नाच्या अनुषंगाने अँड्र्यू स्टँटन दिग्दर्शित व पिक्सार निर्मित ‘फाइंडिंग निमो’ (२००३) या चित्रपटाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन भये, एक कथानक :

मार्लिन या क्लाउनफिशची पत्नी कोरल आणि चारशेहून अधिक अंडी बॅराकुडाच्या हल्ल्यात नष्ट होतात. संहार प्रत्यक्ष दिसत नाही. मार्लिन शुद्धीवर येतो तेव्हा भोवती केवळ रिकामे पाणी असते. या संयमामुळे मूल हादरत नाही आणि प्रौढाला मात्र सारे कळते. उरलेल्या एकमेव अंड्यातून निमो जन्मतो. त्याचा एक पर लहान आहे. शाळेच्या पहिल्याच दिवशी पिता त्याला सर्वांदेखत ‘तुला जमणार नाही’ अशा अर्थाचे सुनावतो. मुलाला येथे अपमान जाणवतो, तर पालकाला पूर्वीचे मरण आठवते. दोघांपैकी कोणीही चुकीचा नाही, हेच या प्रसंगाचे सामर्थ्य होय.

पुढील कथानक या दोन भयांना समांतर नेते. सिडनीतील दंतवैद्याच्या मत्स्यालयात निमो नळीत अडकतो, तेव्हा गिल हा जायबंदी पराचा मासा इतरांना थांबवून त्यालाच बाहेर पडू देतो. समुद्रात क्रश या कासवाचे पिल्लू प्रवाहाबाहेर फेकले जाते. मार्लिन धावू पाहतो, क्रश त्याला थोपवतो आणि पिल्लू स्वतःहून परतते. एकच धडा मुलाला आत्मविश्वासाचा, तर पित्याला हात सोडण्याचा वाटतो. अखेरीस जाळ्यात सापडलेल्या डोरीला सोडवण्यासाठी निमो जाळ्यात शिरू पाहतो, तेव्हा मार्लिन क्षणभर अडखळून त्याला जाऊ देतो. दोन्ही धागे तेथे एकत्र येतात.

हास्य आणि करुण :

डोरीचे विस्मरण हा चित्रपटातील हास्याचा मुख्य आधार आहे. त्यावर मूल व प्रौढ एकाच क्षणी हसतात. परंतु निमो मेला असे समजून मार्लिन निघून जाऊ लागतो, तेव्हा त्याच्या सहवासात आपल्याला अधिक आठवते, असे ती सांगते. ज्यावर हसू आले त्याच वैगुण्यातून येथे कारुण्य प्रकटते. विनोद वयानुसार विभागलेला नसल्यानेच हे स्थित्यंतर सर्वांपर्यंत पोहोचते.

भारतीय काव्यशास्त्रातील साधारणीकरणाची संकल्पना येथे उपयुक्त ठरते. मार्लिनचे भय हे केवळ एका माशाचे न राहता पालकत्वाचे होते, तर निमोचे बंड हे बाल्याचे. प्रेक्षक भिन्न दारांनी प्रवेश करतात, परंतु पोहोचतात एकाच दालनात.

मर्यादा :

चित्रपटाची दृष्टी सर्वत्र एवढी उदार नाही. माता आरंभीच नाहीशी होते व कुटुंबाचा प्रश्न पिता-पुत्रापुरता सीमित होतो. दंतवैद्याची भाची डार्ला हे माणसाचे मूल असूनही ती केवळ भीतिदायक व्यंगचित्र ठरते. माशाच्या पिल्लाला लाभलेली समजूत तिच्या वाट्याला येत नाही.

समारोप :

सर्व वयोगटांना रुचणारा चित्रपट म्हणजे प्रत्येकाला थोडेथोडे वाटून देणारा चित्रपट नव्हे. जपावे किती आणि सोडावे केव्हा, हा घरोघरचा प्रश्न ‘फाइंडिंग निमो’ दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे मांडतो. मुलाला पित्याचे भय आणि पित्याला मुलाचे सामर्थ्य दिसते. एकमेकांकडे पाहण्याची ही संधी हेच त्याच्या आस्वाद्यतेचे मर्म आहे. अशा कलाकृतीस ‘बालरंजन’ या एकाच कप्प्यात बंदिस्त करणे समीक्षेने टाळावयास हवे.