रक्ताच्या थेंबातले भाकीत

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किरणोपचार सुरू होणार असलेल्या ओळखीतल्या एका शिक्षिकेने मला विचारले, "रक्त तपासून कळतं म्हणे, कोणाला त्रास होणार ते?" प्रश्न रास्त आहे. किरणांची मात्रा सारखीच असली, तरी एकीची त्वचा नुसती काळवंडते, दुसरीची सोलवटते, तर एखादीचा स्तन काही वर्षांनी आतून घट्ट होतो.

रक्तावरून हे सांगू पाहणाऱ्या शोधनिबंधांचा तर्क सरळ आहे. किरणांनी डीएनए तुटतो. तो सांधण्याची पेशींची कुवत जनुकांवर अवलंबून असते. तेव्हा त्रास झालेल्या रुग्णांत जनुकांचे कोणते फरक जास्त आढळतात ते पाहायचे. छोट्या गटांत असे फरक सापडलेही.

खोट इथेच आहे. वर्गात करून पाहा. पिशवीत वीस चिठ्ठ्या टाका, एकीवर फुली मारा. चिठ्ठी काढून परत टाकायची, असे ९२ वेळा करा. चार-पाचदा फुली येईलच! पाच टक्क्यांची कसोटी ९२ फरकांना लावली, तर निव्वळ योगायोगानेही तेवढेच फरक 'उत्तीर्ण' होतात.

९२ हा आकडा मनचा नाही. २०१२ साली केंब्रिजच्या गिलियन बार्नेट व सहकाऱ्यांनी ४६ जनुकांतले ९२ फरक स्तनाच्या व प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या १,६१३ रुग्णांत नव्याने तपासले. आधी सांगितलेला एकही संबंध टिकला नाही. पाठ केलेले गणित सोडवणारा विद्यार्थी नवे गणित दिल्यावर अडावा, तसे झाले. पुढे २०१६ मध्ये ५,४५६ रुग्णांची माहिती एकत्र केल्यावर एटीएम जनुकातला एक फरक खरा ठरला; पण त्याने धोका थोडाच वाढतो. एका बाईला त्यावरून काय सांगणार?

चुकीच्या भाकिताची किंमत मोठी आहे. स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण किरणोपचाराने ३५ टक्क्यांवरून सुमारे १९ वर येते, असे २०११ च्या एकत्रित विश्लेषणात दिसले. घाबरून उपचार सोडणारी बाई हे गमावते.

आणखी एक आक्षेप. त्वचेच्या त्रासाची प्रतवारी बरीचशी लालीवर बेतलेली आहे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, काळपटपणा दिसतो. युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवर बसवलेले सूत्र मराठवाड्यात जसेच्या तसे कसे चालेल? आधी इथल्या नोंदी हव्यात: मात्रा, स्तनाचा आकार, दर आठवड्याला त्वचेचे छायाचित्र. जनुके वाचणारे यंत्र त्यासाठी लागत नाही. त्या शिक्षिकेला मी एवढेच सांगितले, की तपासणी तूर्त राहू द्या, तारीख चुकवू नका.