पाल्कच्या उपसागरातील मासेमारीचे नियमन : १९७४ व १९७६ च्या भारत-श्रीलंका करारांची चिकित्सा

प्रास्ताविक

सीमावर्ती समुद्रातील मासेमारीचा प्रश्न बहुधा सार्वभौमत्वाच्या चौकटीतच मांडला जातो. पाल्कच्या उपसागराविषयीच्या लेखनातही कच्चतीवू बेट कोणाचे, हाच प्रश्न केंद्रस्थानी राहिलेला दिसतो. प्रस्तुत लेखात उभय देशांतील करारांनी मासेमारीचे नियमन कितपत केले, याची चिकित्सा केली आहे.

करारांचा आशय

जून १९७४ च्या कराराने सागरी सीमा आखली गेली व कच्चतीवू श्रीलंकेकडे गेले. पाचव्या कलमाने भारतीय मच्छीमारांना व यात्रेकरूंना बेटावर पूर्ववत जाण्याची मुभा दिली. सहाव्या कलमाने दोन्ही देशांच्या नौकांचे परस्परांच्या जलक्षेत्रातील पारंपरिक हक्क मान्य केले. या हक्कांत मासेमारी अंतर्भूत आहे की केवळ नौकानयन, हे मात्र मोघम राहिले. मार्च १९७६ च्या पत्रव्यवहाराने स्पष्ट परवानगीवाचून परस्परांच्या जलक्षेत्रात मासेमारी करण्यास मनाई झाली.

त्याच पत्रव्यवहारात कन्याकुमारीच्या दक्षिणेकडील वॅज बँकेबाबतची तरतूद लक्षणीय आहे. तेथे श्रीलंकेच्या परवानाधारक नौकांना तीन वर्षांची मुदत मिळाली. नौका सहापेक्षा अधिक नसाव्यात व वार्षिक उत्पादन २००० टनांवर जाऊ नये, असे ठरले. नौका, उत्पादन व मुदत या तिन्हींचा विचार येथे झाला. पाल्कच्या उपसागरासाठी असा विचार झालाच नाही.

परिणाम

वॅज बँकेवर मोजक्या मोठ्या नौका होत्या, तर पाल्कमध्ये असंख्य लहान होड्या. त्यामुळे ही तुलना अन्यायकारक आहे, असा आक्षेप संभवतो. तो अंशतः ग्राह्य आहे. परंतु मनाईने नौकेची राष्ट्रीयता पाहिली, जाळे पाहिले नाही. तमिळनाडूच्या १९८३ च्या कायद्याने किनाऱ्यालगतच्या तीन सागरी मैलांत यांत्रिक नौकांना मज्जाव केला. लहान मच्छीमारांना त्याने संरक्षण मिळाले. पण अरुंद उपसागरात ट्रॉलरना सीमेपलीकडे जाण्याचा मोह अधिकच झाला. त्याच वर्षी श्रीलंकेत यादवी पेटली व उत्तरेकडील तमिळ मच्छीमारांच्या मासेमारीवर कडक निर्बंध आले. २००९ मध्ये युद्ध संपल्यावर ते समुद्रावर परतले, तेव्हा त्यांची जाळी फाडणारे ट्रॉलर त्यांच्याच भाषाबांधवांचे होते. श्रीलंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली आणि परकीय नौकांविषयीच्या १९७९ च्या कायद्यातील दंड २०१८ मध्ये वाढविला.

निष्कर्ष

दंड वाढविल्याने अटक झालेल्या खलाशाचे कुटुंब अधिक कर्जबाजारी होते. समुद्राचा तळ सावरत नाही. परवाना, नौकांची मर्यादा व मुदत ही साधने १९७६ मध्येच उभय देशांना अवगत होती. ती पाल्कच्या उपसागरात वापरली गेली नाहीत, हीच या करारांची खरी उणीव होय. केवळ बेटाच्या मालकीची चर्चा करून ती भरून निघणार नाही.