अर्थशास्त्र आणि शाश्वत विकास यांचे सहअध्ययन : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : सांगोला तालुका)

प्रस्तावना :

ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने १९८७ मध्ये शाश्वत विकासाची संकल्पना जगापुढे ठेवली. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याची शक्यता नष्ट करू नये, असा तिचा आशय आहे. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची १७ ध्येये स्वीकारली आणि या संकल्पनेला धोरणात्मक अधिष्ठान प्राप्त झाले. विद्यापीठीय शिक्षणावरही तिचा प्रभाव पडला. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने अर्थशास्त्र व शाश्वत विकास यांची संयुक्त पदवी सुरू केली, तर दिल्लीतील टेरी संस्थेच्या अभिमत विद्यापीठात पर्यावरण व संसाधन अर्थशास्त्राचे पदव्युत्तर अध्ययन होऊ लागले. महाराष्ट्रातील ग्रामीण महाविद्यालयांतही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पर्यावरणाचा अभ्यास करावा लागतो. तथापि, एका वेळापत्रकात दोन विषय शेजारी शेजारी ठेवले म्हणजे ते जोडले गेले असे होत नाही. दोन्ही विषयांना एकच हिशेब मांडावा लागेल, तेव्हाच त्यांचे खरे सहअध्ययन सुरू होईल. प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्याच्या संदर्भात या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

दोन विषय, दोन उत्तरपत्रिका :

पर्यावरण शिक्षणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये निर्देश दिले. त्यानंतरच्या पाठपुराव्यातून विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी पर्यावरण अभ्यासाचा सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याचे एराक भरुचा यांनी लिहिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार या विषयाची फेरमांडणी झाली आणि विषयांच्या भिंती ओलांडण्याची भाषा अधिकृत झाली. सांगोला परिसरातील महाविद्यालये पूर्वी शिवाजी विद्यापीठाशी आणि २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर त्या विद्यापीठाशी संलग्न झाली. २०१९ मध्ये या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठ बदलले, अभ्यासक्रम बदलले. विषयांची मूळ विभागणी मात्र फारशी बदलली नाही.

अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत विद्यार्थी मागणी-पुरवठा, सीमांत खर्च, राष्ट्रीय उत्पन्न व कृषी विपणन यांची मांडणी करतो. पर्यावरणाच्या उत्तरपत्रिकेत तोच विद्यार्थी भूजलाचा ऱ्हास, जैवविविधता व प्रदूषण यांविषयी लिहितो. पहिल्या उत्तरात वाढते उत्पादन हे यश ठरते. दुसऱ्या उत्तरात त्याच उत्पादनासाठी उपसलेले पाणी ही हानी ठरते. दोन्ही उत्तरांना गुण मिळतात आणि त्यांतील विसंगतीचा खुलासा कोणीही मागत नाही. सहअध्ययनाच्या प्रचलित स्वरूपावरील पहिला आक्षेप हाच आहे.

सांगोल्याची कसोटी :

सांगोला हा पर्जन्यछायेतील तालुका होय. माण नदी या तालुक्यातून वाहते, परंतु वर्षाचा बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. ज्वारी-बाजरीच्या या मुलखात डाळिंबाने शेतीचे अर्थकारण बदलले. ठिबक सिंचन, भगवा वाण आणि निर्यातीची बाजारपेठ यांमुळे हलक्या, मुरमाड जमिनीवरही फळबाग किफायतशीर ठरली. अनेक कुटुंबांच्या घरबांधणीचा, लग्नकार्याचा आणि मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्च डाळिंबाने उचलला. हे यश नाकारणारी कोणतीही पर्यावरणवादी मांडणी या तालुक्यात टिकणार नाही.

परंतु या यशाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तेल्या रोगाने, पुढे मर रोगाने आणि खोडाला छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्याने बागांचे मोठे नुकसान केले. अनेक शेतकऱ्यांना उभ्या बागा काढाव्या लागल्या. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात जनावरे चारा छावण्यांत न्यावी लागली. ज्या तालुक्यातून फळ परदेशी जाते, त्याच तालुक्यात दुष्काळात टँकरची वाट पाहावी लागते. ही स्थिती समजावून सांगणे हे या दोन विषयांच्या सहअध्ययनाचे खरे काम आहे.

डाळिंबाचा बहार हे त्याचे उत्तम उदाहरण होय. मृग, हस्त व आंबिया या तीन बहारांपैकी एकाची निवड करून शेतकरी झाडाला ताण देतो, पानगळ घडवितो आणि त्यानंतर पाणी सोडतो. मृग बहाराला पावसाचा आधार मिळतो, पण दमट हवेत तेल्याचा धोका वाढतो. आंबिया बहारात रोगाचे भय तुलनेने कमी, पण फळ पोसण्याचा काळ ऐन उन्हाळ्यात येतो आणि विहिरीवरचा भार वाढतो. भाव, रोगाची जोखीम व पाण्याची उपलब्धता यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय हा निर्णय घेता येत नाही. शेतकरी दरवर्षी जे सहअध्ययन बांधावर करतो, ते विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत क्वचितच विचारले जाते.

हिशेबात न येणारे पाणी :

कृषी अर्थशास्त्रात लागवडीच्या खर्चाच्या संकल्पना शिकविल्या जातात. कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या सर्वसमावेशक खर्चात बियाणे, खते, मजुरी, कुटुंबाचे श्रम, स्वतःच्या जमिनीचा खंड, भांडवलावरील व्याज आणि अवजारांचा घसारा यांचा समावेश होतो. म्हणजे विहिरीवरील पंपाचा घसारा मोजला जातो. पण त्या पंपाने उपसलेल्या भूजलाचा घसारा मोजला जात नाही. पाण्याचा खर्च म्हणजे वीज, डिझेल किंवा पाणीपट्टी, एवढाच अर्थ येथे गृहीत आहे. विहीर आटल्यावर जो खर्च प्रत्यक्ष समोर येतो, तो विहीर भरलेली असताना हिशेबात शून्य असतो. अशा हिशेबावरून काढलेला निव्वळ नफा हा काही अंशी नफा नसून भांडवल विकून आलेली रक्कम असते.

वीजदराच्या धोरणाने हा दोष अधिक गडद होतो. कृषिपंपाची आकारणी अश्वशक्तीनुसार होते तेव्हा पंप आणखी एक तास चालविण्याचा सीमांत खर्च शेतकऱ्याच्या दृष्टीने शून्य असतो. महाराष्ट्रात २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याचे धोरण लागू झाले. दुष्काळी शेतकऱ्याला दिलासा म्हणून त्याचे समर्थन करता येते. परंतु उपशावर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर भूजलाच्या नोंदींत शोधले पाहिजे. ठिबक सिंचनाबाबतही हेच म्हणता येते. ठिबकने प्रतिझाड पाणी वाचते. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र बागेखाली आले, तर एकूण उपसा कमी होत नाही. इंग्लंडमधील कोळशाच्या वापरासंबंधी विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखविलेला विरोधाभास तो हाच.

शेततळ्याच्या संदर्भातही ही चिकित्सा आवश्यक ठरते. वाहून जाणारे पावसाचे पाणी अडविणे हा शेततळ्याचा मूळ हेतू. परंतु प्लॅस्टिकचे अस्तर टाकून विहीर वा विंधन विहिरीच्या पाण्याने ते भरले, तर जमिनीखाली सुरक्षित असलेले आणि सर्वांच्या वाट्याचे पाणी एका मालकाच्या उघड्या तळ्यात येते व त्यातील काही बाष्पीभवनाने नष्ट होते. खासगी ताळेबंदात ही गुंतवणूक ठरते, तर सामाजिक ताळेबंदात हस्तांतरण ठरते.

शाश्वततेच्या अध्यापनातील उणीव :

दोष केवळ अर्थशास्त्राच्या बाजूला नाही. शाश्वत विकासाचे अध्यापन अनेकदा उपदेशाच्या पातळीवर राहते. पाणी वाचवा, झाडे लावा, असे सांगितले जाते. पण ते कोणी, कोणत्या खर्चाने आणि कोणाच्या लाभासाठी करावे, याची चर्चा होत नाही. कठीण बेसॉल्ट खडकातील भूजल बांधाच्या सीमा पाळत नाही. ज्याच्याकडे अधिक खोल विंधन विहीर घेण्याचे भांडवल आहे तो पाणी मिळवितो, आणि शेजाऱ्याची जुनी विहीर कोरडी पडते. अशा वेळी एका शेतकऱ्याने स्वेच्छेने उपसा कमी केला, तरी वाचलेले पाणी त्याच्याकडे राहीलच याची शाश्वती नसते. त्याला काटकसरीचा उपदेश करणे न्याय्य नव्हे. गरज असते ती सामूहिक नियमांची. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये खोल विहिरींवर निर्बंध आहेत. पण शेजाऱ्याच्या बांधावरील यंत्र केवळ कायद्याच्या अस्तित्वाने थांबत नाही. सामाईक संसाधनांचे नियम समुदाय स्वतः घडवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्राला यासाठी दूर जाण्याची गरज नाही. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून १९७४ नंतर उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरविला, भूमिहीनांना वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी येथे १९९३ पासून भरणाऱ्या पाणी परिषदांनी दुष्काळी तालुक्यांसाठी समन्यायी पाणीवाटपाची मागणी केली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि सांगोल्याचे ११ वेळा प्रतिनिधित्व करणारे आमदार गणपतराव देशमुख यांचा या चळवळीत सहभाग होता.

या दोन्ही प्रयोगांतून ब्रुंटलँड आयोगाच्या व्याख्येला पूरक असा विचार पुढे येतो. पुढच्या पिढीचा वाटा राखण्याआधी आजच्या पिढीतील वाटा कोणाला मिळाला, हे विचारावे लागते. ज्याच्या नावावर जमीन नाही, पण जो डाळिंबाच्या छाटणीला मजुरीने जातो, त्याचा या पाण्यावर हक्क काय? हा प्रश्न वगळून शिकविलेली शाश्वतता ही बागायतदाराच्या सोयीची शाश्वतता ठरते.

विस्मृत परंपरा :

सहअध्ययन ही आयात केलेली कल्पना आहे, असा समज योग्य नाही. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये शेतकऱ्याचे कर्ज व शोषण यांच्या विवेचनाबरोबरच मातीची धूप थांबविण्यासाठी आणि पाणी मुरविण्यासाठी बंधारे घालण्याचा उपाय सुचविला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास करणाऱ्या मान यांनीच १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा आणि १९२१ मध्ये ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा सर्वेक्षण-अहवाल प्रसिद्ध केला. जमीन, निचरा, तुकडीकरण, पिके, कर्ज आणि कुटुंबाचा जमाखर्च यांचा त्यांनी एकाच अभ्यासात विचार केला.

धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अभ्यास केला (१९४८). प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची ही मोजणी भारतीय अर्थशास्त्रातील मोलाचे काम आहे. तथापि, तिची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. कालव्याचे पाणी धरणातून येते आणि पावसाळ्यात धरण पुन्हा भरण्याची अपेक्षा असते. तेथे लाभाची मोजणी हा मुख्य प्रश्न ठरतो. सांगोल्यासारख्या भूजलावर विसंबलेल्या क्षेत्रात साठा किती उरला, हा प्रश्न लाभाइतकाच महत्त्वाचा आहे. गाडगीळांची पद्धत आणि मान यांची दृष्टी एकत्र आणल्यास आजच्या अभ्यासक्रमाला भक्कम पाया मिळू शकतो.

संभाव्य आक्षेप :

निसर्गाची किंमत पैशात मोजणे अयोग्य आहे, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. माण नदीच्या पात्राची किंमत रुपयांत सांगता येणार नाही. परंतु किंमत न लावणे आणि किंमत शून्य धरणे यांत फरक आहे. प्रचलित हिशेबात ती शून्य धरली जाते. पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भारताच्या हरित राष्ट्रीय लेख्यांविषयी २०१३ मध्ये अहवाल दिला. नैसर्गिक संपत्तीची नोंद राष्ट्राच्या ताळेबंदात व्हावी, हा त्यामागील विचार होता. राष्ट्रासाठी जे आवश्यक मानले गेले, ते गावासाठी अनावश्यक ठरत नाही. जेथे पैशात मोजणे शक्य नाही, तेथे विहिरीच्या पातळीची मीटरमधील नोंद उत्पन्नाच्या आकड्याशेजारी लिहिता येईल.

पदवी स्तरावर एवढा खोल अभ्यास झेपणार नाही, हा दुसरा आक्षेप होय. वास्तविक सांगोल्यातील विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी विहीर, बाग किंवा मजुरीचा अनुभव असतो. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर विहिरीची पातळी मोजणे, पंपाचे तास नोंदविणे आणि बागेचा जमाखर्च मांडणे यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. त्यासाठी दोन विभागांतील अध्यापकांनी एकत्रित प्रकल्प देणे आणि त्याचे एकत्रित मूल्यमापन करणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१. अर्थशास्त्र व शाश्वत विकास यांचे प्रचलित सहअध्ययन हे बहुतांशी समांतर अध्ययन आहे. दोन विषयांतील विसंगती सोडविण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर कोठेही टाकली जात नाही.

२. लागवडीच्या खर्चात भूजलाच्या घसाऱ्याची नोंद नसल्याने दुष्काळी भागातील फळबागांचा नफा वास्तवापेक्षा अधिक दिसतो.

३. वाटपाचा प्रश्न वगळून शाश्वतता शिकविता येत नाही. पाणी पंचायत व आटपाडीची पाणी परिषद यांना अभ्यासक्रमात केवळ उल्लेखापुरते नव्हे, तर सिद्धान्ताच्या चर्चेत स्थान मिळाले पाहिजे.

४. एकाच गावाचा एकत्रित जमाखर्च मांडण्याची परंपरा महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. तिचे पुनरुज्जीवन हाच स्थानिक महाविद्यालयांसाठी व्यवहार्य मार्ग होय.

डाळिंबाच्या उत्पन्नावर शिकलेली पिढी आज सांगोल्याच्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडत आहे. पुढील पिढीचे शिक्षण कोणत्या पाण्यावर होणार, याचा हिशेब तिला मांडता आला पाहिजे. तो ज्या पदवीने शिकविला नाही, त्या पदवीच्या नावात दोन्ही विषय असूनही तिचे शिक्षण अपुरेच मानावे लागेल.