'पाठलाग' पुन्हा करायचा तर

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. तिथे नाटकाला येणाऱ्यांच्या मनात घाणेकर म्हणजे 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी, नाहीतर 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या. २०१८ सालच्या 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' या चित्रपटानेही त्यांची हीच प्रतिमा पक्की केली. मराठीतले दोन महत्त्वाचे मानसशास्त्रीय रहस्यपट, 'पाठलाग' (१९६४) आणि 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६), याच नटाचे आहेत, हे मात्र सहसा कुणाला आठवत नाही. जुने थरारपट नव्याने करण्याची लाट सगळीकडे असताना या दोघांकडे बघायला हवे. त्यातही 'पाठलाग'कडे, कारण त्याचे पुनर्निर्माण याआधीच होऊन गेले आहे आणि त्यात काय निसटले ते आपल्याला तपासता येते.

जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी 'पाठलाग' केला. गाणी गदिमांची, संगीत दत्ता डावजेकरांचे, नायिका भावना. त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मानही त्याला मिळाला. पुढच्याच वर्षी तमिळमध्ये 'इदय कमलम' आला आणि १९६६ मध्ये राज खोसलांचा 'मेरा साया'. साधना, सुनील दत्त, मदन मोहन आणि बरेलीतला तो झुमका. लोकांच्या लक्षात राहिला तो झुमका. मूळ कथा मराठी, हे सांगितले की आजही लोक चकित होतात.

कथा अशी. एका नामांकित वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. काही दिवसांनी दरोडेखोरांच्या टोळीबरोबर एक स्त्री पकडली जाते. चेहरा हुबेहूब पत्नीचा, आणि 'मीच तुमची बायको' हा तिचा धोशा. खटला उभा राहतो आणि नवराच तिची उलटतपासणी करतो. साठ वर्षांपूर्वीचे रहस्य फोडले म्हणून कुणी रागावणार नाही, असे समजून सांगतो: मेली ती जुळी बहीण. पिंजऱ्यात उभी असलेली खरोखरच पत्नी आहे.

याचा अर्थ असा की कुणा परक्या बाईने नवऱ्याच्या मांडीवर प्राण सोडले आणि त्याला ते कळले नाही. पुढे खरी पत्नी समोर उभी राहिली, संसारातल्या खासगी खुणा सांगू लागली, तरीही कळले नाही. त्या काळी हे दैवाचा खेळ म्हणून खपून गेले. शेवटी मीलन झाले, प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडले. आजची प्रेक्षक मात्र विचारेल: या माणसाने बायकोकडे कधी नीट पाहिले तरी होते का? आणि ज्या खटल्यात तो स्वतःच मुख्य साक्षीदार ठरायला हवा, त्यात तो वकील म्हणून उभा कसा राहतो? वकिली व्यवसायाच्या नियमांत हे बसत नाही. नव्या 'पाठलाग'चा गाभा मला या प्रश्नांत दिसतो. जुळ्या बहिणीच्या युक्तीत आता काही उरलेले नाही.

ती युक्ती तांत्रिकदृष्ट्याही बाद झाली आहे. पटकथाकारांना पहिल्यांदा डीएनए आठवतो. पण एकसारख्या जुळ्यांचा डीएनए नेहमीच्या चाचणीत वेगळा काढता येत नाही, म्हणजे तिथे रहस्य उलट टिकते. घात होतो तो अंगठ्याने. जुळ्यांचे ठसे वेगळे असतात. ठशांचे शास्त्र १९६४ मध्येही होते. कलकत्त्याला ठसे विभाग १८९७ पासूनचा. पण घरंदाज बाईचे ठसे कुठल्या दप्तरात असणार? आज जवळजवळ प्रत्येकीचे आहेत. न्यायालयात वर्षभर चालणारा तिढा रेशन दुकानातल्या अंगठा यंत्रावर मिनिटभरात सुटेल. मग पटकथेने मोबाईलची रेंज घालवायची, वीज घालवायची, कथा दूरच्या वाड्यात न्यायची, असे चाळे सुरू होतात. आपले बहुतेक नवे थरारपट या चाळ्यांतच दमतात.

त्यापेक्षा कथा सरळ डोंबिवलीत आणा. नवऱ्याला बायको दिसते रात्री नऊनंतर, आणि रविवारी. जाता-येता दोन-अडीच तास तिला पाहतात त्या महिलांच्या डब्यातल्या मैत्रिणी. ती कोणत्या बाजूला उभी राहते, कुणाच्या डब्यातली भाजी मागते, घाटकोपर आले की पर्स कशी सावरते, सगळे त्यांना पाठ. जुळी बहीण नवऱ्याला फसवेल. सकाळच्या फास्ट लोकलमधल्या त्या सहाजणींना दोन दिवसही फसवू शकणार नाही. नवरा म्हणतो 'ही नव्हे', डबा म्हणतो 'हीच'. न्यायालय कुणाचे ऐकेल? इथे अंगठ्याची अडचणही राहत नाही. यंत्राने ती तीच असल्याचे सांगितल्यावरसुद्धा नवरा नाकारत राहतो, आणि रहस्य 'ही कोण?' यावरून 'हा का नाकारतोय?' यावर सरकते. साठ सालच्या बंगल्यापेक्षा कल्याण-डोंबिवलीतला दोन खोल्यांचा फ्लॅट या गोष्टीला जास्त मानवेल.

दुसरी अडचण वेडाची. 'मेरा साया'त आरोपी स्त्रीची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते, आणि तिथून ती निसटते. तेव्हा १९१२ चा 'ल्युनसी' कायदा लागू होता. आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे आणि त्यात रुग्णाच्या हक्कांना जागा आहे. मराठीत 'ह्याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा पिढ्यान् पिढ्या चालत आली, कारण १९०१ पासूनचे मनोरुग्णालय ठाण्यातच आहे. पण त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. मनाच्या आजाराबद्दल घरात उघडपणे बोलणारी एक पिढी या पट्ट्यात त्यानंतर वाढली. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचे 'देवराई' आणि 'कासव' या प्रेक्षकाने पाहिले आहेत. केस मोकळे सोडून खदाखदा हसणारी बाई म्हणजे वेड, हे त्याला आता कसे पटावे?

या बाबतीत 'हा खेळ सावल्यांचा' आपल्या काळाच्या पुढे होता. वसंत जोगळेकरांच्या या चित्रपटात लोकांना जे भूत वाटते त्याचा उलगडा मनाच्या आजारात होतो. आशा काळे यांचे काम आजही पाहावे असे. रोगाचे वर्णन ढोबळ आहे, हे मान्य. पण रोख भुताकडून मनाकडे होता. पुढे त्याच्या एका गाण्याचे शब्द २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेने नावासाठी घेतले, आणि मालिका मात्र पुन्हा भुताखेतांच्या वळचणीला गेली. हिंदीतही तेच. मल्याळम 'मणिचित्रताळ'वरून (१९९३) आलेल्या 'भूलभुलैया'त (२००७) भूत नव्हते, दुभंगलेले मन होते. २०२२ च्या दुसऱ्या भागात खरेखुरे भूत आले, वर जुळ्या बहिणीही आल्या! आधुनिक प्रेक्षकासाठी म्हणून केलेले बदल अनेकदा असे मागे नेणारे असतात.

जसेच्या तसे पुन्हा करणे हा तर मार्गच नव्हे. गस व्हॅन सँटने १९९८ मध्ये 'सायको' जवळजवळ दृश्यागणिक तसाच पुन्हा चित्रित केला, फक्त रंगीत. भीती तेवढी उतरली नाही. याउलट फ्रेडरिक नॉटच्या 'डायल एम फॉर मर्डर'चे उदाहरण घ्या. हिचकॉकने त्यावर १९५४ मध्ये चित्रपट केला, हिंदीत 'ऐतबार' (१९८५) झाला, आणि मराठी रंगभूमीवर नीरज शिरवईकर-विजय केंकरे यांचे 'अ परफेक्ट मर्डर' चालले. तिथे खून कोण करवतो हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. त्यामुळे शेवट फुटला तरी बिघडत नाही. पकडला कसा जातो, यासाठी लोक जागेवर खिळून राहतात. रंगमंचाला हे जमते आणि आपल्या चित्रपटाला धक्क्याशिवाय चालत नाही, याचे कारण पैसा नाही. लेखनावर घालवायचा वेळ आपण घालवत नाही.

म्हणून निर्मात्यांना एकच सांगणे. 'पाठलाग' करायचा असेल तर 'मेरा साया'ची गाणी डोक्यातून काढा, आणि शक्य तर परांजप्यांचा चित्रपटही महिनाभर पाहू नका. हक्क देवकुळ्यांच्या कादंबरीचे घ्या, लेखकाला वर्षभराचे मानधन द्या, आणि पटकथेचे पहिले वाचन नवऱ्याच्या बाजूने नव्हे, पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईच्या बाजूने करा.