पैठणीची उलटी बाजू

पैठणीवर कुणी लिहायला बसला की सातवाहनांपासून सुरू करतो, पेशव्यांशी थांबतो आणि तिला महाराष्ट्राची ओळख म्हणून मोकळा होतो. हल्ली तर पदर काचेच्या चौकटीत घालून भिंतीला टांगतात, कला म्हणतात. २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मी सूतगिरणीत रिंग खात्यात तुटलेले धागे सांधणारा माणूस. म्हणून विचारतो, ओळख कुणाची?

आधी कामाबद्दल, कारण काम बावनकशी आहे. येवल्याच्या हातमागावर पदर विणताना एकेका रंगाची वेगळी तिल्ली असते. मोराचा निळा धागा मोराच्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि मागं फिरतो. म्हणून पदर उलटा केला तरी मोर तसाच. यंत्रमागाची नक्कल उलटी करून बघा, मागं धाग्यांचं नुसतं जंजाळ. एवढा सच्चेपणा आपल्या कवितेत किती सापडतो ते ज्यानं त्यानं बघावं. आणि विणणारा खत्री असो, साळी असो की मुसलमान, तो महिनोन्‌महिने मागावर वाकतो नि पिशवीवर नाव दुकानाचं.

नक्षीबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. मोर, मुनिया, आसावली, पुन्हा मोर. कमळ अजिंठ्यावरून आलं म्हणून कौतुकानं सांगतात. लेणी कुणाची हे सांगताना जीभ अडखळते. याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्याआधी १९३० पासून नाशकात काळारामाच्या दारात आपली माणसं दगड खात होती. माग आणि मुक्तिभूमी एकाच गावात, पण मी पाहिलेल्या एकाही पदरावर त्या सभेची सावलीसुद्धा नाही.

आपल्यातलेच काही म्हणतात, सोड रे, बायांच्या लुगड्याचं काय घेऊन बसलास! बाबासाहेब असं म्हणाले नाहीत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी बायांना सांगितलं, अस्पृश्यता दाखवणारी लुगडं नेसायची जुनी रीत टाका. बायांनी टाकली. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात त्यांनी विणाईखात्याचा प्रश्न धरला. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून आपल्याला ते खातं बंद. आणि जास्त पगार तिथंच. सूत आपण काढायचं, माग त्यांनी धरायचा! अन् ज्या कबीराला बाबासाहेबांनी गुरू मानलं तो विणकरच की.

येवल्याच्या कारागिराशी आपलं भांडण नाही. तो समोर ठेवलेली नक्षी विणतो. मग आपली नक्षी समोर ठेवली कुणी? दोस्तहो, ज्याला चित्र काढता येतं त्यानं चौकटीच्या कागदावर चवदार तळं पाडावं, १९३५ ची ती गर्दी पाडावी. एकदम साडी नको, हातभर पदर पुरे. कागद घेऊन आपण येवल्याला जाऊ. विणकर मजुरी सांगेल ती घासाघीस न करता द्यायची. वर्गणीत माझे दोनशे लिहून ठेवा.