समेवाचून आवर्तन

फिलिप ग्लास यांच्या संगीतावर भारतीय तालाचा प्रभाव आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी नेमके काय घेतले आणि काय सोडले, हे मात्र फारसे तपासले जात नाही.

१९६५-६६च्या सुमारास ग्लास पॅरिसमध्ये नादिया बूलांजे यांच्याकडे शिकत होते. त्याच काळात ‘चॅपाक्वा’ या चित्रपटासाठी पंडित रविशंकर यांचे संगीत पाश्चात्त्य वादकांकरिता लिहून काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. लिहिलेले वाजवले की आघात चुकीच्या जागी पडत आणि उस्ताद अल्लारखाँ हरकत घेत. अखेर ग्लास यांनी स्वरलिपीतल्या उभ्या रेषाच खोडल्या. तेव्हा दोन-दोन, तीन-तीन मात्रांची सलग साखळी त्यांना दिसली. ही हकिकत त्यांनीच सांगितली आहे.

‘टू पेजेस’ या रचनेत हाच हिशेब आहे. पाच स्वरांचा तुकडा घ्यायचा आणि तो थोडा थोडा वाढवत वा घटवत न्यायचा. कायदा-पलटे ऐकलेल्या कानाला ही रीत ओळखीची वाटते. पण आपला तबलजी कितीही अवघड तिहाई घेवो, त्याला समेवर यावेच लागते. ग्लास यांच्या या रचनेत समच नाही. त्यामुळे मैफलीत उत्स्फूर्त दाद जाते, तो क्षणही येत नाही. हे संगीत आपल्या कानाला कंटाळवाणे वाटण्याचे कारण मला इथे दिसते.

‘सत्याग्रह’ (रॉटरडॅम, १९८०) या ऑपेरात मात्र हीच उणीव अर्थपूर्ण होते. दक्षिण आफ्रिकेतील गांधीजींवरचा हा ऑपेरा संस्कृतात, गीतेच्या श्लोकांतून गायला जातो. शेवटी गांधीजी चौथ्या अध्यायातील अवतारविषयक श्लोक एकाच आरोही स्वरपंक्तीवर पुन्हा पुन्हा गातात. पाश्चात्त्य परिभाषेत तो फ्रिजियन मोड. आपल्या कानाला भैरवी थाटाचे स्वर. आपली मैफल भैरवीने निवते. इथे स्वर चढतात, वरच्या षड्जाला टेकतात आणि पुन्हा खालून निघतात. अवरोह नाही, विस्तार नाही, म्हणून राग नाही. पण यशाची सम कधी येईल हे ठाऊक नसताना तेच पाऊल पुन्हा टाकणे, हाच तर सत्याग्रह.

मात्रांचा हिशेब ग्लास यांना आपल्याकडून मिळाला. हा शेवट मात्र, माझ्या मते, सम सोडल्यामुळे हाती लागला. प्रभावाच्या अभ्यासात सोडलेल्या गोष्टींचीही नोंद हवी, ती यासाठी.